रोमन सैनिकाचा संच: ज्याच्या पगारातून कापले जाते त्याच्या नजरेने

यंदा आखाजीनंतरच्या आठवड्यात अमळनेरला माझ्या घरी दोन मोठी खोकी आली. त्यांत प्राचीन रोमन पायदळ सैनिकाचा एक संच होता. पितळी शिरस्त्राण, लोखंडी कड्यांचे चिलखत, म्यानासह बोथट धारेची आखूड तलवार, कमरपट्टा, अंगरखा आणि तळव्याला खिळे ठोकलेल्या वहाणांचा एक जोड, असे ते सामान होते. उत्तर भारतात अशा प्रतिकृती बनवणारे अनेक कारखाने आहेत आणि त्यांचा माल युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींकडे वर्षानुवर्षे जात आला आहे. त्यांपैकीच एका कारखान्याचा हा माल मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो आणि वर्गात दाखवण्यासाठी हा संच मला हवा होता. शिरस्त्राण 5,200, चिलखत 7,800, तलवार 4,400, वहाणा 2,300, कमरपट्टा 1,900, अंगरखा 1,100 आणि वाहतुकीचे 800 असे 23,500 रुपये झाले. ही रक्कम मी पतपेढीकडून उचलली आणि ती माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापली गेली. उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि दिवाळीनंतरची थंडी असा सहा-सात महिन्यांचा वापर झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

अशा वस्तूंची परीक्षणे सहसा दिसण्यावर थांबतात. वस्तू चित्रासारखी दिसते का, फोटोत शोभते का, एवढेच पाहिले जाते. मी निकष वेगळा ठेवला आहे, कारण ज्या माणसाची ही वस्तू म्हणून सांगितली जाते त्याने ती फुकट मिळवलेली नव्हती. चित्रपटांमुळे आपली अशी समजूत झालेली असते की भरती झाली, सरकारने गणवेश आणि शस्त्रे दिली आणि सैनिक निघाला. प्रत्यक्षात रोमच्या इतिहासातील बराच काळ सैनिक आपल्या सामानाची किंमत स्वतः मोजत होता, आधी घरच्या पैशांतून आणि नंतर पगारातील कपातीतून. पगारातून पैसे कापले जाणारा माणूस वस्तू कशी पाहतो हे पगारदार वाचकाला सांगायला नको. ती किती दिवस टिकेल, दुरुस्त होईल का आणि पुढे विकली तर काही परत येईल का, हेच त्याचे प्रश्न असतात. मी प्रत्येक वस्तूला हेच प्रश्न विचारले.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार समजण्यासाठी दोन शब्द पुरेसे आहेत, शिलेदार आणि बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार आणि ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळते तो बारगीर. सुरुवातीचा रोमन नागरिक पूर्णपणे शिलेदार होता. लिव्ही या इतिहासकाराने दिलेल्या परंपरेनुसार ज्याची मालमत्ता 1,00,000 आस (तांब्या-काशाची रोमन नाणी) किंवा त्याहून अधिक, त्याने शिरस्त्राण, गोल ढाल, पोटऱ्यांची कवचे, छातीचे कवच, भाला आणि तलवार असे सारे आणायचे. खालच्या वर्गांसाठी यादी आखूड होत जाई आणि पाचव्या वर्गातला माणूस केवळ गोफण व दगड घेऊन येई. म्हणजे रणांगणात कोण किती सुरक्षित राहणार हे त्याच्या घरच्या स्थितीवर ठरत असे. लिव्हीच्याच सांगण्याप्रमाणे इ.स.पू. 406 च्या सुमारास, वेयी शहराच्या वेढ्याच्या वेळी, पायदळाला पगार सुरू झाला. पगार आला आणि त्याच्या पाठोपाठ कपात आली. इ.स.पू. दुसऱ्या शतकात लिहिणारा इतिहासकार पोलिबियस स्पष्टच सांगतो की रोमन सैनिकाला मिळणारे धान्य, कपडे आणि लागलेली जादा शस्त्रे यांची ठरलेली किंमत खजिनदार त्याच्या पगारातून वळती करून घेई. इ.स.पू. 123 मध्ये गायस ग्राकस या लोकनेत्याने कायदा केला की कपडे सरकारी खर्चाने द्यावेत आणि त्यासाठी पगाराला हात लावू नये. तो कायदा फार काळ पाळला गेलेला दिसत नाही, कारण पुढच्या काळातील कागदांत कपड्यांची कपात ठळकपणे हजर आहे.

आता वहाणांकडे वळतो. संचातील हीच वस्तू मी सर्वांत जास्त वापरली आणि रोमन हिशेबांत सर्वांत नेमाने येणारी कपातही हीच आहे.

लॅटिनमध्ये यांना कालिगा म्हणतात. पायाच्या वरच्या भागावर चामड्याच्या पट्ट्यांची जाळी, खाली चामड्याचे दोन-तीन थर आणि त्या थरांना एकत्र धरणारे गोल डोक्याचे लोखंडी खिळे अशी त्यांची बांधणी असते. मी आलेल्या जोडाचे खिळे मोजले. डाव्या तळव्याला 38 आणि उजव्याला 36 होते, तेव्हा दोन्ही पायांना समान संख्या ठेवण्याइतकीही काळजी घेतलेली नव्हती. उत्खननांत सापडलेल्या रोमन तळव्यांवर खिळे याहून पुष्कळ दाट असतात आणि ते टाच, चवडा व बाहेरची कड अशा झिजणाऱ्या जागी मुद्दाम गर्दी करून ठोकलेले दिसतात. आमच्या जोडात ते केवळ नक्षीसारखे पसरले होते. जूनच्या पहिल्या पावसानंतर शाळेमागच्या काळ्या मातीत मी ते घालून चाललो. चिखलाचा गोळा खिळ्यांमध्ये असा बसला की दहा पावलांनंतर पाय दुप्पट जड झाला. वाळल्यावर चिखल झटकला तेव्हा त्याबरोबर अकरा खिळेही निघून आले.

ते घेऊन मी बाजारातील ज्या चर्मकार आप्पांकडे नेहमी चपला शिवतो त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तळवा उलटा केला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, हाई चामडं कच्चं शे. पाणी लागनं ते फुगी जाई." कमावणीत कसर राहिलेले चामडे पाणी पिऊन फुगते, फुगले की भोक सैल होते आणि सैल भोकातून खिळा सुटतो, असे त्यांनी मला हातात तळवा धरून दाखवले. मग त्यांनी गळलेल्या खिळ्यांच्या जागी नवे ठोकले, टाचेला आणखी वीस वाढवले, आतून प्रत्येक खिळ्याचे टोक ऐरणीवर वाकवून चामड्यात बसवले आणि सगळ्याचे 240 रुपये घेतले. त्यानंतर आजवर एकही खिळा पडलेला नाही. कारखान्याने जे करायला हवे होते ते अमळनेरच्या फुटपाथवर झाले, आणि ते जास्त चांगले झाले.

खिळ्यांचा खर्च वेगळा पडतो ही गोष्ट रोमन सैनिकालाही चांगली ठाऊक होती. सम्राट डायोक्लेशनने इ.स. 301 मध्ये वस्तूंच्या कमाल किमतींचे जे फर्मान काढले त्यात सैनिकी कालिगांच्या जोडाची किंमत 100 डिनारियस (रोमन नाणे) अशी दिली आहे आणि पुढे स्पष्ट म्हटले आहे की ही किंमत खिळ्यांशिवायची. इ.स. 69 च्या यादवीत सैनिकांनी सेनापतीकडे 'क्लावारियुम' मागितल्याची नोंद इतिहासकार टॅसिटसने केली आहे. शब्दशः त्याचा अर्थ खिळेभत्ता असा होतो आणि तो एका बक्षिसाच्या रकमेचे नाव झाला होता. त्याच यादवीतून सम्राट झालेल्या व्हेस्पेशनकडे ओस्टिया व पुतेओली बंदरांहून रोमपर्यंत पाळीपाळीने पायी येणाऱ्या आरमारी सैनिकांनी जोड्यांचा भत्ता मागितला, तेव्हा त्याने त्यांना यापुढे अनवाणी यावे असा हुकूम दिला. सम्राटांचा चरित्रकार सुएटोनियस लिहितो की तेव्हापासून ते तसेच धावत येत. सैनिकाच्या तळपायाखालच्या खर्चावरून सम्राटापर्यंत वाद जात होता, हे मला या वहाणा घालून चालल्यावर पटले.

एक सूचना महत्त्वाची आहे. या वहाणा घालून शहाबादी फरशीवर चालू नये आणि विद्यार्थ्यांना तर मुळीच चालू देऊ नये. आमच्या व्हरांड्यात नववीतला एक मुलगा वळताना घसरला आणि मी जवळ होतो म्हणून सावरला. इ.स. 70 मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात युलियानस नावाचा एक शूर सेंच्युरियन (सैनिकांच्या तुकडीचा नायक) मंदिराच्या गुळगुळीत फरसबंदीवर अशाच खिळ्यांमुळे घसरून पडला आणि पडलेल्या अवस्थेतच मारला गेला, हे इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवले आहे. ही वस्तू माती, खडी आणि गवतासाठी आहे.

कपातीचा सर्वांत बोलका कागद जिनिव्हात आहे. इजिप्तमधून मिळालेल्या या पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर) इ.स. 81 मधील दोन सैनिकांची वर्षाची पगारखाती आहेत. त्यांतील दमास्कसच्या क्विंटस युलियस प्रोक्युलस याचे खाते मी फळ्यावर जसेच्या तसे उतरवले. वर्षातून तीन हप्ते आणि प्रत्येक हप्त्याला 248 द्राख्मा (ग्रीक चलन). पहिल्या हप्त्यातून गवताचे 10, जेवणाचे 80, वहाणा व पट्ट्यांचे 12, छावणीतील सॅटर्नेलिया सणाचे 20 आणि कपड्यांचे 60 असे 182 गेले आणि 66 शिल्लक राहिले. आधीचे 136 जमा होते, ते धरून 202 झाले. दुसऱ्या हप्त्यातून गवत 10, जेवण 80, वहाणा 12 आणि 'निशाणांसाठी' 4 असे 106 कापले जाऊन 142 वाचले आणि जमा 344 वर गेली. तिसऱ्या हप्त्यात गवत, जेवण आणि वहाणा यांनंतर कपड्यांपोटी 146 लागले, म्हणजे पूर्ण 248 संपले. हातात एकही द्राख्मा पडला नाही आणि जमा 344 वरच थांबली.

हा हिशेब वर्गाने माझ्याबरोबर मांडला. वर्षाच्या 744 द्राख्मांपैकी 206 कपड्यांवर आणि 36 वहाणांवर गेले, म्हणजे केवळ अंगावर आणि पायात घालण्यासाठी पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा खर्च झाला. पायदळातील माणसाला गवताचे पैसे कशाला, असा प्रश्न मागच्या बाकावरून आला. तंबूतील सोबत्यांच्या सामायिक खेचरासाठी किंवा अंथरुणासाठी ते असावे, असे उत्तर मी दिले. वहाणांचे 12 तिन्ही वेळा न चुकता येतात, तेव्हा त्याने वर्षात किती जोड झिजवले हे न पाहता ती ठरीव कपात होती असे मला वाटते. मसादा येथे मिळालेल्या साधारण त्याच काळातील एका रोमन घोडेस्वाराच्या पगारकागदातही सातू, अन्न, वहाणा, चामड्याच्या पट्ट्या आणि तागाचा अंगरखा अशीच वजावट आहे.

हा कागद वाचताना मला आजोबांची वही आठवते. आमच्याकडे आखाजीला सालदाराचे साल ठरे. उचल किती, ज्वारी किती, धोतरजोडी, घोंगडी आणि जोडा शेतमालकाने द्यायचा की उचलीतून वळता करायचा, हे सारे त्याच दिवशी बोलून वहीत चढवले जाई आणि वर्षाअखेरीस खाडे वजा होऊन हिशेब होई. आमचा सालदार लिहिणारा-वाचणारा नव्हता, पण जोड्याची नोंद वाचली जाताना तो हमखास पुढे सरकून ऐके. प्रोक्युलसही खात्यातील 'कालिगास' हा शब्द तसाच ऐकत असेल याविषयी मला शंका नाही.

याच कपातीचा राग इ.स. 14 मध्ये पॅनोनिया प्रांतातील सैन्याच्या बंडात उसळला. टॅसिटसने पर्केनियस नावाच्या सैनिकाच्या तोंडी जे भाषण घातले आहे त्याचा आशय असा, की आमच्या देहाची आणि जिवाची किंमत दिवसाला दहा आस, आणि त्यातूनच कपडे, शस्त्रे व तंबू घ्यायचे आणि सेंच्युरियनला लाचही द्यायची. सीझरने पगार दुप्पट केल्यावर वर्षाला 225 डिनारियस मिळत होते आणि सोळा आसांचा एक डिनारियस धरला तर दिवसाचे दहाच आस येतात, तेव्हा त्याचा आकडा अगदी बरोबर होता. सम्राट डोमिशियनने पुढे हा पगार 300 डिनारियस केला.

चिलखत ही संचातील सर्वांत महाग आणि सर्वांत निराशाजनक वस्तू आहे. जाहिरातीत प्रत्येक कडी रिव्हेट केलेली असल्याचे लिहिले होते. आलेल्या चिलखताच्या कड्या नुसत्या टोकाला टोक लावून वळवलेल्या आहेत. खरे रोमन चिलखत एक ओळ अखंड कड्यांची आणि एक ओळ रिव्हेट मारून बंद केलेल्या कड्यांची अशा पद्धतीने गुंफलेले असे, म्हणून ओढ बसली तरी कडी उघडत नसे. आमचे चिलखत खुंटीला अडकवले तर खांद्याजवळच्या कड्या त्याच्याच वजनाने, म्हणजे 9 किलो 400 ग्रॅमच्या भाराने, उघडू लागतात. विक्रेत्याला फोटो पाठवून विचारले असता बदलून देता येणार नाही असे कळवले गेले. माणूस चुकतो, वस्तूही चुकते, परंतु जाहिरातीत एक लिहून खोक्यात दुसरे भरणे ही चूक म्हणता येत नाही. पावसाळ्यात आठ दिवस पेटीबाहेर राहिल्याने त्यावर तांबेरा चढला. तो काढण्यासाठी मुलांनी चिलखत वाळूच्या पोत्यात घालून मैदानावर लोळवले, आणि मग त्याला तेल लावले. तेल आणि दुरुस्तीच्या तारेला 150 रुपये लागले.

पोलिबियसच्या काळात असे चिलखत ही सुखवस्तू माणसाची खूण होती. ज्यांची मालमत्ता 10,000 द्राख्मांहून जास्त ते कड्यांचे चिलखत घालत आणि बाकीचे छातीवर वीतभर लांबीरुंदीची पितळी पाटी बांधत. आजच्या यंत्रयुगातही रिव्हेट केलेले चिलखत साध्याच्या कितीतरी पट महाग का मिळते हे हातात तीस-चाळीस कड्या आणि एक पक्कड घेऊन बसल्यावर कळते. एक तास बसून मी तळहाताएवढा तुकडाही पूर्ण करू शकलो नाही. ज्याच्याकडे वडिलांचे चिलखत असेल तो ते का टाकणार नाही, हेही तेव्हाच समजले.

शिरस्त्राणाबद्दल मात्र मनापासून चांगले लिहायचे आहे. पितळेचा पत्रा एकसारखा जाड आहे, मागची मानपट्टी योग्य कोनात वळवलेली आहे, गालपट्ट्यांच्या बिजागऱ्या सहज फिरतात आणि आतल्या बाजूला कुठेही धार राहिलेली नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसवर असताना मी ते घालून दहा मिनिटे उन्हात उभा राहिलो. आत जाड कापडी टोपी घातल्याशिवाय ते शक्य नाही, आणि अशी टोपी संचासोबत द्यायला हवी होती.

ब्रिटिश म्युझियममध्ये लंडनला सापडलेले अशाच आकाराचे एक शिरस्त्राण आहे. त्याच्या मानपट्टीवर बारीक ठिपके ठोकून चार मालकांची नावे लिहिलेली आहेत; लुसियस डुल्सियस, रुफस आणि ऑलस सॉफेयस ही त्यांपैकी तीन. एकच वस्तू चार सैनिकांच्या डोक्यावरून गेली. अशी एकाहून अधिक नावे असलेली शिरस्त्राणे इतरही मिळाली आहेत. कदाचित निवृत्त होणारा सैनिक आपले शिरस्त्राण नव्या भरतीला विकत असे, किंवा छावणीचे कोठार ते परत घेऊन पुढच्याच्या खाती चढवत असे. इजिप्तमधील एका पपायरसवरून दिसते की मरण पावलेल्या एका सैनिकाच्या आईला त्याची जी रक्कम मिळाली त्यात शस्त्रांच्या नावे आणि तंबूच्या नावे असे वेगवेगळे पैसे होते. याचा अर्थ मला असा वाटतो की शस्त्र कोठारात परत गेले आणि त्याची किंमत घरी आली. हा सैनिक ना पूर्ण शिलेदार होता, ना पूर्ण बारगीर. वस्तू सैन्याच्या मोजदादीत असे आणि पैसे त्याच्या खात्यातून जात.

तरीही ती मनाला येईल तशी विकण्याची मुभा त्याला नव्हती. रोमन कायद्याच्या संग्रहात पाउलस या विधिज्ञाचे मत दिले आहे की चिलखत, ढाल, शिरस्त्राण किंवा तलवार विकणाऱ्या सैनिकाला पळून गेलेल्या सैनिकासारखे मानावे आणि लहानसहान भाग विकणाऱ्याला फटक्यांवर सोडावे. पैसे स्वतःचे, पण हक्क अर्धा. दुसरीकडे सीझरने हीच मालकीची भावना युद्धासाठी वापरली. त्याने आपल्या सैनिकांना सोन्या-चांदीने मढवलेली शस्त्रे दिली, शोभेसाठी तर खरेच, पण नुकसानीच्या भीतीने ते लढाईत ती सोडणार नाहीत म्हणूनही, असे सुएटोनियस सांगतो.

लंडनच्या शिरस्त्राणाचे चित्र पाहिल्यावर मुलांना ते लगेच ओळखीचे वाटले, कारण ठिपक्यांनी लिहिलेले नाव त्यांच्या घरातील प्रत्येक तांब्या-पातेल्यावर असते. माझ्या आईकडे एक घंगाळ आहे. त्यावर आधी तिच्या आजीचे, मग आईचे आणि मग तिचे स्वतःचे नाव आहे, आणि लग्नकार्यात गावभर फिरूनही ते याच नावांमुळे घरी परत आले आहे. मी शिरस्त्राण भांड्यांच्या दुकानात नेले आणि मानपट्टीवर शाळेचे नाव घालून घेतले. साठ रुपये लागले. कोरणाऱ्या दादांनी डावीकडे सुरुवात करावी आणि उजवीकडे पुढच्या नावासाठी जागा सोडावी, असे मी मुद्दाम सांगितले.

अंगरख्याबद्दल थोडक्यात लिहितो. तो लोकरीचा म्हणून विकला गेला. एक धागा काढून काडीपेटीने जाळला तर तो वितळून त्याचा काळा मणी झाला, म्हणजे निदान निम्मे तरी पॉलिएस्टर आहे. इ.स. 138 मध्ये इजिप्तमधील फिलाडेल्फिया गावच्या विणकरांना कपाडोकियातील सैन्यासाठी अंगरखे आणि घोंगड्या विणण्याचे काम मिळाले होते, त्याचा कागद आजही आहे. त्यात लांबी, रुंदी आणि वजन ठरवून दिले होते, एका अंगरख्यापोटी 24 द्राख्मा आगाऊ दिले होते आणि लोकर मऊ, शुद्ध, पांढरी व डाग नसलेली असावी अशी अट घातली होती. आजच्या विक्रेत्याने एवढी एक अट पाळली असती तरी पुरे होते. लोकरीचा जाड कपडा जळगाव-धुळ्याच्या हातमाग प्रदर्शनात घेऊन शिंप्याकडून शिवून घेणे अधिक बरे.

तलवार चांगली आहे. पाते सरळ आहे, मूठ हातात नीट बसते आणि म्यान घट्ट आहे. पावसाळ्यानंतर लाकडी मूठ थोडी हलू लागली होती, ती सुताराने पाचर मारून बसवली आणि पैसे घेतले नाहीत. तलवारीचा विषय निघाला की मी मुलांना क्लॉडियस टेरेन्शियानसचे पत्र वाचून दाखवतो. इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाच्या आरमारात असलेल्या या तरुणाने वडिलांना पत्र लिहून लढाईची तलवार, कुदळ, पकडीचा आकडा, दोन उत्तम भाले आणि झगा मागवला. सरकारी सैन्यात असूनही तलवार घरून मागवावी लागत होती. दुसऱ्या पत्रात तो लिहितो की येथे पैशांशिवाय काहीच होत नाही. ब्रिटनच्या उत्तर सीमेवर विंडोलँडा येथे सापडलेल्या एका लाकडी पाटीवर तर कोणीतरी एका सैनिकाला पायमोजे, दोन जोड वहाणा आणि दोन अंतर्वस्त्रे पाठवल्याचे लिहिले आहे. त्याच काळात मिसेनमच्या आरमारात भरती झालेल्या इजिप्तच्या एपियनने मात्र वडिलांना आनंदाने कळवले होते की सीझरकडून, म्हणजे सम्राटाकडून, प्रवासखर्च म्हणून तीन सोन्याची नाणी मिळाली. हा पहिला पैसा हातात टिकत किती दिवस असेल, याचा अंदाज प्रोक्युलसच्या खात्यावरून बांधता येतो.

कमरपट्ट्याचे पितळी बिल्ले चांगले आहेत, पण चामडे वहाणांचेच आहे.

संच शाळेच्या प्रदर्शनात मांडला तेव्हा वरणगावच्या आयुध निर्माणीत काम करणारे एक पालक तो बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी विचारले की सरकारी कारखाना नव्हता का. होता, पण तो उशिरा आला. आधी लष्करी छावण्यांत स्वतःच्या कार्यशाळा असत, जिथे सैनिक कारागीर आणि मुलकी कारागीर शेजारी बसून काम करत. डायोक्लेशनच्या काळापासून साम्राज्यात सरकारी शस्त्रकारखाने उभे राहिले आणि पुढे तयार झालेल्या अधिकारसूचीत त्यांची गावोगावची नावे, कुठे ढाली, कुठे बाण, कुठे चिलखते अशा कामासह, नोंदलेली आहेत. इ.स. 398 च्या एका कायद्याने तेथील कामगारांच्या दंडावर डाग देण्याचा हुकूम झाला, म्हणजे पळून गेल्यास ओळखू यावे. हे ऐकून ते पालक गप्प झाले. सैनिकाच्या खात्यावरचा शस्त्रांचा बोजा उतरत गेला तेव्हा तो कोणाच्या अंगावर चढला, हे त्या डागावरून दिसते.

खरेदी करू इच्छिणाऱ्या शाळांना आणि अभ्यासकांना माझा सल्ला असा आहे. पूर्ण संच घेऊ नये. शिरस्त्राण आणि तलवार जरूर घ्यावी, दोन्ही मिळून 9,600 रुपये ही किंमत योग्य आहे. वहाणा घ्यायच्या तर घेतल्यावर लगेच चर्मकाराकडून खिळे पक्के करून घ्यावेत, आणि शक्य असेल तर नमुना दाखवून त्यांच्याकडूनच चांगल्या कमावलेल्या चामड्याच्या नव्या बनवून घ्याव्यात. चिलखत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून एका कडीचा जवळून घेतलेला फोटो मागवावा आणि त्यात रिव्हेट दिसत नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा. मागणी पावसाळा सरल्यावर करावी, कारण जूनमध्ये आलेले लोखंड पेटीतून बाहेर काढायलाच धजावत नाही. दुरुस्ती, तेल आणि नाव घालणे धरून माझा एकूण खर्च 23,950 रुपये झाला. पतपेढीचा शेवटचा हप्ता श्रावणात कापला गेला, आणि त्या महिन्याची पगारपावती मी प्रोक्युलसच्या खात्याशेजारी वर्गाच्या भिंतीवर लावली आहे.